स्वारगेटची एसटी आणि अमेरिकेतली प्रायमरी: मतं एका रात्रीत जातात कुठे?

११ फेब्रुवारी २०२०. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर या चिमुकल्या राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदार राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या पक्षाचा उमेदवार निवडत होते. जो बायडन यांना जेमतेम ८ टक्के मतं पडली. क्रमांक पाचवा. निकाल लागायच्या आधीच ते राज्य सोडून दक्षिणेकडे निघून गेले होते, आणि टीव्हीवरचे पंडित त्यांच्या राजकीय कारकिर्दीचा मृत्युलेख लिहायला बसले होते.

बरोबर तीन आठवड्यांनी, ३ मार्चला, एकाच दिवशी १४ राज्यांत मतदान झालं. त्यातली १० राज्यं बायडन यांनी जिंकली. मिनेसोटा आणि मॅसॅच्युसेट्स ही त्यातलीच. तिथे त्यांनी प्रचार जवळजवळ केलाच नव्हता.

मधल्या काळात बायडन बदलले नव्हते. वय तेच, धोरणं तीच, भाषणंही तीच. मग मतं आली कुठून? अमेरिकेत निवडणुकांचा हंगाम आला की आपल्याकडच्या बातम्यांत ‘अमुक तमुकची आघाडी’, ‘अमुकची पिछाडी’ असं रोज वाचायला मिळतं. पण पक्षाच्या आतल्या निवडणुकीत मतं एवढी भराभरा का सरकतात, हे त्यात कुणी सांगत नाही.

आधी तिकिटाचं बघू

आपल्याकडे तिकीट कोण देतं? पक्षश्रेष्ठी. इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात, शेवटच्या रात्री कुणाच्या तरी हातात एबी फॉर्म पडतो आणि उरलेले बंडखोर होतात. मतदाराचा या सगळ्याशी संबंध बातम्या वाचण्यापुरता.

अमेरिकेत हा एबी फॉर्म, म्हणा ना, सामान्य मतदार देतो. पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी जी निवडणूक होते ती ‘प्रायमरी’. काही राज्यांत फक्त त्या पक्षाकडे नाव नोंदवलेल्यांना मत देता येतं, काही राज्यांत कुणालाही. पूर्वी तिथेही बंद खोलीतला कारभार होता. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, शिकागोत अधिवेशनाबाहेर राडा झाला, आणि त्यानंतर नियम बदलले गेले.

राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी राज्याराज्यांतून साधारण फेब्रुवारी ते जून चालते. प्रत्येक राज्यातल्या मतांनुसार उमेदवारांच्या वाट्याला ‘प्रतिनिधी’ येतात. हे प्रतिनिधी पक्षाच्या अधिवेशनात जाऊन उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात मतांवर ठरणारे ३,९७९ प्रतिनिधी होते. १,९९१ मिळवले की काम फत्ते.

आता आपल्या लोकसभेशी तुलना करा. २०२४ मध्ये मतदान सात टप्प्यांत झालं, पण मोजणी एकाच दिवशी, ४ जूनला. शेवटचा टप्पा संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायलाही बंदी. आधीच्या टप्प्यात काय झालं हे कळून पुढच्यांनी मत बदलू नये, म्हणून एवढा खटाटोप. अमेरिकेत नेमकं उलटं आहे. पहिल्या राज्याचा निकाल त्याच रात्री जाहीर होतो (निदान व्हायला हवा), आणि पुढची राज्यं तो बघून मतदान करतात. वाराणसीच्या मतदाराला बारामतीचा निकाल आधीच ठाऊक असता, तर काय झालं असतं याची कल्पना करा. मतं सरकण्याचं निम्मं कारण इथेच सापडतं.

डबा बदलणं आणि गाडी बदलणं

उरलेलं निम्मं कारण मतदाराच्या मनात आहे. एका पक्षाचा मतदार दुसऱ्या पक्षाला मत देतो तेव्हा तो गाडी बदलत असतो. त्यासाठी मोठं कारण लागतं, घरातल्यांशी वाद होतात, आयुष्यभराची सवय मोडावी लागते. प्रायमरीत मात्र सगळे उमेदवार एकाच गाडीत आहेत. इथे फक्त डबा बदलायचा असतो. या डब्यात गर्दी झाली, त्या डब्यात जागा दिसली, उतरलो आणि पलीकडे चढलो.

डेमोक्रॅटिक मतदाराला बायडन आवडत असले म्हणून त्यांचे डाव्या विचारांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स नकोसे असतात असं नाही. त्याच्या मनात एक यादी असते. पहिला आवडता, दुसरा चालेल असा, तिसरा नाइलाजाने. सर्वेक्षणवाले बहुतेक वेळा फक्त पहिलं नाव छापतात. खरी गंमत दुसऱ्या नावात असते, आणि ही यादीच पुढे सगळं ठरवते.

कुठली गाडी आधी सुटणार?

स्वारगेटला साताऱ्याकडे जाणाऱ्या चार एसट्या उभ्या आहेत. फलाटावरची पाटी काहीही सांगो, कुठली आधी सुटेल ते कुणालाच नक्की माहीत नाही. काही लोक पहिलीत बसतात, काही दुसरीत, उरलेले बॅगा घेऊन मध्येच उभे. कुणाला खिडकी हवी, कुणाला नवी गाडी हवी. पण सगळ्यांची मूळ इच्छा एकच: लवकर साताऱ्याला पोचणं. तेवढ्यात एका गाडीत ड्रायव्हर चढतो आणि इंजिन सुरू करतो. पुढच्या दोन मिनिटांत बाकीच्या तिन्ही गाड्या रिकाम्या होतात. खिडकीवाला खिडकी सोडतो. म्हातारीसुद्धा पिशव्या सावरत पळते.

यात कुणाची आवड बदलली का? नाही. आवडीपेक्षा पोचणं महत्त्वाचं होतं, आणि कुठली गाडी पोचवणार हे आता कळलं.

२०२० मध्ये डेमोक्रॅटिक मतदारांना ‘साताऱ्याला पोचायचं’ होतं म्हणजे नोव्हेंबरमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना हरवायचं होतं. ‘धोरणं कुणाची पटतात’ यापेक्षा ‘ट्रम्पना कोण हरवेल’ हे जास्त महत्त्वाचं, असं मतदानकेंद्राबाहेर विचारलं तेव्हा राज्यामागून राज्यात बहुसंख्य मतदार सांगत होते. असे मतदार शेवटपर्यंत एकमेकांकडे बघत उभे राहतात. बाहेरून ती अस्थिरता वाटते. खरं तर ते इंजिनाच्या आवाजाची वाट बघत असतात.

डोळ्यांनी दिसणारं सरकणं: आयोवातला हॉल

मतं सरकताना प्रत्यक्ष बघायची असतील तर आयोवा राज्यात २०२० पर्यंत एक अफलातून सोय होती. तिथे मतपेटीऐवजी सभा व्हायची. फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत गावकरी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जमायचे आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. मग डोकी मोजायची. बहुतेक ठिकाणी ज्या कोपऱ्यात १५ टक्क्यांहून कमी माणसं, तो कोपरा बाद. तिथल्या लोकांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, बाद झालेल्या दोन गटांनी एकत्र येऊन एक गट करायचा किंवा सरळ घरी जायचं.

त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं म्हणजे लग्नात जेवणाच्या पंगतीला जागा धरण्याचा प्रकार. शेजारीण शेजारणीला हाक मारते, शिक्षक जुन्या विद्यार्थ्याची समजूत घालतो, ‘आमच्याकडे या’ म्हणून बोलावणी सुरू. गुप्त मतदान वगैरे काही नाही. कोण कुणाची दुसरी पसंती आहे हे सगळ्या गावाला दिसतं.

३ फेब्रुवारी २०२० ला याच सभांचा निकाल कळवण्यासाठी एक मोबाइल अ‍ॅप आणलं होतं. ते बिघडलं आणि निकाल कित्येक दिवस रखडला. शेवटी सँडर्स यांना डोकी जास्त, पण आणखी एक उमेदवार पीट बुटिजेज यांना प्रतिनिधींचा हिशेब किंचित जास्त, अशी त्रांगडी झाली. बायडन चौथे. या गोंधळानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने आयोवाचा देशात सर्वांत आधी कौल देण्याचा मान काढून घेतला. मला त्या सभा गेल्याचं वाईट वाटतं. पण संध्याकाळच्या पाळीत काम करणाऱ्या नर्सने तिथे यायचं कसं, या प्रश्नाला त्या व्यवस्थेकडे उत्तर नव्हतं हेही खरं.

इंजिन सुरू झालं ते ७२ तास

न्यू हॅम्पशरनंतर २२ फेब्रुवारीला नेवाडा सँडर्स यांनी दणक्यात जिंकलं. डावे मतदार बऱ्यापैकी त्यांच्या मागे एकवटले होते. मवाळ मतदार मात्र चार गाड्यांत विखुरलेले होते: बायडन, बुटिजेज, एमी क्लोबुशार आणि जाहिरातींवर पैसा ओतणारे अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग.

मग साउथ कॅरोलायना आलं. तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय आहेत. ओबामांचे आठ वर्षांचे उपराष्ट्राध्यक्ष म्हणून बायडन त्यांना जवळचे. आयोवा आणि न्यू हॅम्पशर ही पहिली दोन राज्यं बहुतांश गोरी होती. त्यामुळे बायडन यांचा खरा मतदार अजून रांगेत उभाच राहिलेला नव्हता. २६ फेब्रुवारीला तिथले ज्येष्ठ खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना जाहीर पाठिंबा दिला. २९ तारखेला, शनिवारी, बायडन यांना ४८ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. सँडर्स यांना २० च्या आसपास.

ड्रायव्हर चढला तो हा. रविवारी बुटिजेज यांनी माघार घेतली. सोमवारी क्लोबुशार यांनी. त्याच रात्री दोघं टेक्सासमध्ये डॅलसला जाऊन बायडन यांना पाठिंबा देऊन मोकळे झाले. मंगळवारी १४ राज्यांचं मतदान, आणि एकूण प्रतिनिधींपैकी साधारण एक तृतीयांश त्या एका दिवशी पणाला. शेवटच्या दोन-तीन दिवसांत मत ठरवलेल्या लोकांचा मोठा हिस्सा बायडन यांच्याकडे गेला. ब्लूमबर्ग यांनी ५० कोटी डॉलरहून जास्त खर्च करून फक्त अमेरिकन समोआ हा बेटांचा छोटा प्रदेश जिंकला आणि दुसऱ्या दिवशी घरी गेले. ८ एप्रिलला सँडर्सही थांबले.

या गडबडीत एक गट मात्र फलाटावरच राहिला. कॅलिफोर्नियात टपालाने मतदान कितीतरी आधी सुरू होतं. तिथे बुटिजेज आणि क्लोबुशार यांना मिळून साडेतीन लाखांहून जास्त मतं पडली. मोजणी झाली तेव्हा दोघंही रिंगणात नव्हते. राज्यात १५ टक्क्यांच्या खाली असलेल्याला राज्यपातळीचे प्रतिनिधी मिळत नाहीत, हाच नियम तिथेही. ती मतं हवेत विरली.

‘डावा डाव्याकडे, मवाळ मवाळाकडे’ हे सरळ गणित नाही का?

टीव्हीवर हे गणित फार लाडकं आहे. अमुक उमेदवार गेला की त्याची मतं त्याच्या विचाराच्या दुसऱ्याकडे जाणार. बेरीज करा, निकाल काढा.

थोडंफार तसं होतंही. पण २०१९ च्या सर्वेक्षणांत एक विचित्र गोष्ट पुन्हापुन्हा दिसत होती. बायडन यांच्या समर्थकांना ‘दुसरी पसंती कोण?’ असं विचारलं, तर सर्वांत जास्त वेळा येणारं नाव सँडर्स यांचं होतं. आणि सँडर्सवाल्यांचं बायडन. विचारांच्या पट्टीवर दोघं दोन टोकांना! कारण साधं आहे. सगळेच मतदार धोरणांचा तक्ता घेऊन बसत नाहीत. ओळखीचा चेहरा, कामगारांची बाजू घेणारा म्हातारा माणूस, आपल्यासारखं बोलणारा, अशा गोष्टींवरही दुसरी पसंती ठरते. गल्लीतल्या किराणा दुकानदाराने दुकान बंद केलं, तर आपण त्याच मालाचं दुकान शोधतो की त्याच स्वभावाच्या दुकानदाराचं? दोन्ही प्रकारची माणसं असतात.

एलिझाबेथ वॉरन यांचंच बघा. विचारांनी त्या सँडर्स यांच्या शेजारच्या. ५ मार्चला त्यांनी माघार घेतली तेव्हा त्यांचे मतदार एकगठ्ठा सँडर्स यांच्याकडे गेले नाहीत, दोघांत वाटले गेले.

मग हे सगळं वरून घडवून आणलं नाही कशावरून?

सँडर्स यांच्या अनेक समर्थकांचा आजही हाच आक्षेप आहे, आणि तो अगदीच हवेतला नाही. माघारीच्या त्या दोन दिवसांत ओबामांचे फोन झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. पक्षातले बडे लोक सँडर्स यांना घाबरले होते हे उघड होतं.

पण नेत्यांनी डोळा मारला की मतदार हलतात, असं असतं तर २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षात ट्रम्प उमेदवारच झाले नसते. तिथे जेब बुश यांच्यामागे अख्खं घराणं, समर्थकांनी उभे केलेले १० कोटींहून जास्त डॉलर आणि पक्षातली जुनी मंडळी होती. तिसऱ्या राज्यातच त्यांची गाडी बंद पडली. ब्लूमबर्ग यांच्या पैशाचं काय झालं ते वर आलंच आहे. माझ्या मते क्रम बघायला हवा. साउथ कॅरोलायनाच्या मतदारांनी आधी कौल दिला, नेते त्याच्यामागून धावले. नेत्यांनी केलं ते एवढंच की बाकीच्या गाड्यांचे दरवाजे लवकर बंद केले.

आणि कुणी उतरलंच नाही तर?

ही बाजू फार बोलली जात नाही, पण २०१६ चा रिपब्लिकन सामना म्हणजे नेमका हाच प्रकार. सुरुवातीला १७ इच्छुक. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं, मार्को रुबिओ आणि टेड क्रूझ दोघांनाही प्रत्येकी २२ च्या पुढे. म्हणजे दोघांची बेरीज ट्रम्प यांच्याहून बरीच जास्त. पण रिपब्लिकन पक्षाचा नियम तिथे वेगळा होता: राज्यात आणि राज्यातल्या प्रत्येक मतदारसंघात पहिला येईल त्याला सगळं. ट्रम्प दोन्हीकडे पहिले आले. साडेबत्तीस टक्के मतांवर ५० पैकी ५० प्रतिनिधी त्यांचे. ‘तू आधी उतर’ असं प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणत राहिला आणि गाडी निघून गेली.

याचं एक उदाहरण थेट आपल्या माणसाचं आहे. बेळगावात वाढलेले, रसायनशास्त्रज्ञ आणि उद्योजक श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेससाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभे राहिले. प्रचारासाठी पैसा बराचसा स्वतःच्या खिशातला. रिंगणात नऊ उमेदवार. ठाणेदार यांना साधारण २८ टक्के मतं पडली आणि ते जिंकले. दुसऱ्या क्रमांकाचे अ‍ॅडम हॉलिअर २३ च्या आसपास अडकले. मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचं एवढं वर्चस्व, की प्रायमरी जिंकणं म्हणजेच खासदार होणं. परिणाम असा झाला, की बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या डेट्रॉइट शहराला १९५५ नंतर पहिल्यांदाच कृष्णवर्णीय खासदार उरला नाही.

बेळगाव-कोल्हापुरात या विजयाचं कौतुक झालं, ते स्वाभाविकच. डेट्रॉइटमध्ये ‘आपली मतं फुटली’ अशी हळहळ होती, तीही स्वाभाविक. हॉलिअर सोडून बाकीचे सात बाजूला झाले असते तर ते जिंकलेच असते का? नक्की कुणीच सांगू शकत नाही, कारण त्या मतदारांना दुसरी पसंती विचारलीच गेली नव्हती.

मग विचारून टाकावी ना!

न्यूयॉर्क शहराने ते केलं. २०१९ मध्ये मतदारांनीच कौल देऊन शहराच्या प्रायमरीत पसंतीक्रमाची पद्धत आणली. मतपत्रिकेवर पाचपर्यंत नावं क्रमाने द्यायची. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यावरच्या पुढच्या नावाकडे जातात. आयोवाचा हॉलच, पण गुप्त आणि कागदावर.

महाराष्ट्राला हे नवं नाही. १० जून २०२२ ची राज्यसभा निवडणूक आठवते? सहाव्या जागेसाठी दोन कोल्हापूरकर समोरासमोर. पहिल्या पसंतीत शिवसेनेच्या संजय पवारांना ३३ मतं, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. जिंकले महाडिक, कारण पक्षाच्या दुसऱ्या उमेदवारांची जास्तीची मतं दुसऱ्या पसंतीने त्यांच्याकडे वळली. नियम न्यूयॉर्कपेक्षा वेगळे आहेत, पण मुद्दा तोच.

न्यूयॉर्कचे उमेदवार लवकरच हा खेळ शिकले. २०२५ च्या महापौरपदाच्या प्रायमरीत झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर या दोघा प्रतिस्पर्ध्यांनी मतदानाच्या दीड आठवडा आधी जाहीर केलं: आमच्या मतदारांनी दुसरा क्रमांक एकमेकांना द्यावा. पहिल्या पसंतीत ममदानी ४४ टक्क्यांच्या जवळ, माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो ३६, लँडर ११. फेऱ्या संपल्यावर ममदानी ५६, कुओमो ४४. कुणालाही माघार घ्यावी लागली नाही, डॅलसला विमानाने धावावं लागलं नाही.

तरी ही पद्धत म्हणजे रामबाण नाही. चार वर्षं आधी, २०२१ मध्ये, याच प्रायमरीत पहिल्या पसंतीत एरिक अ‍ॅडम्स पहिले, माया वायली दुसऱ्या, कॅथरीन गार्सिया तिसऱ्या होत्या. आणखी एक उमेदवार अँड्र्यू यांग यांनी शेवटच्या दिवसांत आपल्या मतदारांना ‘दुसरा क्रमांक गार्सियांना द्या’ असं सांगितलं. गार्सिया त्यांच्यासोबत फिरल्या, पण परतफेड म्हणून त्यांचं नाव घ्यायला काही तयार झाल्या नाहीत. फेऱ्यांमध्ये त्या वायलींच्या पुढे गेल्या, आणि शेवटच्या फेरीत अ‍ॅडम्स यांच्याकडून हरल्या. फरक होता ७,१९७ मतांचा. आणि ज्यांच्यावर या दोघांपैकी कुणाचंच नाव लिहिलेलं नव्हतं, अशा मतपत्रिका होत्या १ लाख ४० हजार.